रोजचा एक तास आणि मण्यांचा धंदा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. खाजगी कंपनीत दिवसभराची नोकरी आहे, मुलगी पहिलीत आहे, घरी सासूबाई आहेत. रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर आणि रविवारी दुपारी दोन-अडीच तास मोकळे मिळतात. मोत्यांची तोरणं आणि बारीक मण्यांचे कानातले आजवर हौसेने करून वाटलेत, आता विकायचे आहेत. हाताशी ५,००० रुपये आहेत. काय बनवावं, माल कुठून आणावा, किंमत कशी लावावी, नोंदणी लागते का. आणि शेजारच्या बाईंनी संक्रांतीच्या वाणासाठी ६० नग मागितलेत, ते घ्यावेत का?

बहुतेक जणी सुरुवात मण्यांच्या खरेदीपासून करतात. मी म्हणेन, घड्याळापासून करा. या कामात मणी स्वस्त, दोरा त्याहून स्वस्त. महाग आहे तो तुमचा सलग तास. आठवड्याला तुमच्याकडे आठ-साडेआठ तास आहेत आणि ते सगळे विणण्यात जाणार नाहीत. फोटो काढणं, मेसेजना उत्तरं देणं, पुडे बांधणं, कुरिअरला जाणं, बाजारहाट, हिशेब यांत तीन-साडेतीन तास कसे जातात ते कळतही नाही. म्हणजे प्रत्यक्ष सुई हातात धरायला उरले पाच तास. पुढचं सगळं मी या पाच तासांच्या हिशेबानेच सांगतेय.

आधी काय बनवायचं ते ठरवू. घरात राहून काम करणारीला मध्येच उठावं लागतं: मुलगी हाक मारते, कुकरची शिट्टी होते, कोणीतरी बेल वाजवतं. त्यामुळे जे काम कुठेही तोडता येतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलता येतं, तेच धरायचं. तोरण या बाबतीत फार सोयीचं आहे. तोरण म्हणजे मुळात सुटी फुलं, पानं आणि लटकनं. तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या तारेसारख्या दोऱ्यात, एक फूल दहा-पंधरा मिनिटांत होतं. आज तीन, उद्या दोन अशी डब्यात टाकत जायची आणि रविवारी बसून जोडायची. बारीक मण्यांचं पेयोट किंवा ब्रिक पद्धतीचं विणकामही, म्हणजे सुईदोऱ्याने एकेक मणी शेजारच्याला जोडत ओळी वाढवणं, कुठल्याही ओळीला थांबवता येतं, फक्त नमुन्याच्या कागदावर झालेल्या ओळीपर्यंत पट्टी सरकवून ठेवायची सवय हवी. पाच-सात पदरी हार मात्र सध्या बाजूला ठेवा. सगळे पदर एका बैठकीत, एका ताणाने ओवले नाहीत तर गळ्यात घातल्यावर एखादा पदर लोंबतो आणि मग सगळंच उसवावं लागतं. मण्यांचा माग असेल तर तोही सारखा मांडून-आवरून ठेवणं तुमच्या घरात जमणार नाही.

मंगळसूत्र ओवून देण्याची विचारणा हमखास होईल. खोट्या वाट्यांची छोटी मंगळसूत्रं करायला हरकत नाही. पण दुसऱ्याच्या सोन्याच्या वाट्या आणि मणी घरात घेऊ नका. ते काम पटवेकऱ्याचं आहे. तो गिऱ्हाइकासमोर वजन करून घेतो आणि समोरच गाठवून देतो. तुमच्याकडे वाटी चार दिवस राहिली आणि पुढे वजनात गुंजभर फरक पडल्याचं कोणाला वाटलं, तर वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो.

पहिल्या सहा महिन्यांत तीनच वस्तू ठेवा. माझी सूचना: देवघराचं नऊ ते बारा इंची छोटं तोरण, बारीक मण्यांच्या कानातल्यांचे दोन नमुने आणि एखादी पंधरा मिनिटांत होणारी लहानशी वस्तू, म्हणजे केसांची पिन, पदराची पिन किंवा किल्ल्यांचं लटकन. प्रत्येकीचे दोन किंवा तीन रंग, त्याहून जास्त नकोत. नवे नमुने करून बघण्याची खाज सगळ्यांनाच असते, आणि ती चांगलीही आहे, पण ती महिन्यातल्या एका रविवारी भागवा. तोच कानातला दहाव्यांदा करताना हात नमुन्याकडे न बघता चालतो आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. या धंद्यातला नफा त्या निम्म्या झालेल्या वेळात असतो.

नमुन्यांसाठी फोन उघडून जगभरचे कानातले बघत बसू नका. तुमच्यासारख्या हजारो जणी तेच बघून तेच करताहेत. शिवाय परदेशी डिझायनरांचे बरेच नमुने विकायला परवानगी लागते, ती प्रत्येक नमुन्यावर वाचावी लागते. मण्यांचं विणकाम चौकटींच्या कागदावर बसतं, आणि आपल्याकडे असा चौकटीत बसणारा खजिना घरोघरी कपाटात आहे. पैठणीचा नारळी काठ, मुनिया काठातले पोपट, अशावलीची वेल, पदरावरचा मोर, इरकलीची कड, कशिद्यातली तुळशी वृंदावनं. आईची किंवा सासूबाईंची एखादी जुनी साडी घ्या, काठाचा फोटो काढा आणि चौकटीच्या कागदावर उतरवा. पेयोटमध्ये मणी अर्ध्या घराने सरकलेले असतात, त्यामुळे तिरप्या रेघा सुंदर येतात, आडव्या रेघा थोड्या दातेरी दिसतात. नारळी काठाचे त्रिकोण म्हणूनच पेयोटमध्ये फार देखणे होतात. मोराची मान मात्र पंधरा मण्यांपेक्षा कमी रुंदीत ओळखू येत नाही. मण्यांची हौस आपल्याकडे आजची नव्हे. धाराशिव जिल्ह्यात तेरला लामतुरे संग्रहालय आहे, तिथे सातवाहन काळातले मणी मांडलेले आहेत. कधी त्या बाजूला गेलात तर वाकडी वाट करून बघा. रंगांची जोडी कशी लावायची हे तिथे शिकता येतं.

आता माल. तुम्ही गाव लिहिलेलं नाही, म्हणून सगळीकडचं सांगते. मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटजवळचा अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, नागपुरात इतवारी. तोरणाचे प्लॅस्टिकचे मोती मिलिमीटरवर आणि वजनावर मिळतात. देवघराच्या तोरणाला चार आणि सहा मिलिमीटरचे पुरतात, आठचे फक्त लटकनाला. काचेचे मणी आपल्या देशात मुख्यतः उत्तर प्रदेशातून येतात, बनारस आणि पुर्दिलनगर ही त्यांची जुनी ठिकाणं. ते स्वस्त असतात आणि ओवण्याच्या कामाला उत्तम, पण एका पुड्यात जाड-बारीक मणी मिसळलेले असतात आणि काहींची भोकं अर्धवट बुजलेली असतात. सुईने विणायच्या कानातल्यांसाठी मियुकी किंवा तोहोचे जपानी मणी, नाहीतर प्रेसिओसाचे चेक मणी घ्या. महाग वाटतील. पण जाड-बारीक मणी निवडण्यात जो अर्धा तास जातो त्याची किंमत धरलीत तर तेच स्वस्त पडतात.

मापाचा आकडा उलटा चालतो हे तुम्हाला ठाऊक असेलच: ११ नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, ८ नंबरचा तीनचा, ६ नंबरचा चारचा. सुईचंही तसंच, १२ नंबरची सुई १० पेक्षा बारीक. एका मण्यातून तीन-चारदा दोरा जाणार असेल तर १२ चीच घ्या. ११ नंबरचे गोल जपानी मणी एका ग्रॅमला साधारण ११० बसतात. एक जोड पूर्ण झाल्यावर दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोलून ठेवा, म्हणजे पुढच्या वीस जोडांना किती माल लागेल ते पुडा उघडण्याआधीच कळतं.

रंग पक्का आहे का हे गिऱ्हाइकाने सांगायच्या आधी आपण तपासायचं. नव्या मण्यांतले दहा-बारा ओल्या पांढऱ्या रुमालात चोळून बघा. चार नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तासभर टाका. बाकीचे खिडकीत उन्हात ठेवा, निम्म्यांवर पुठ्ठा झाका आणि तीन आठवड्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघा. गुलाबी आणि जांभळे रंग सर्वांत आधी उडतात. सोनेरी-चंदेरी मुलाम्याचे मणी घामाने आणि अत्तराने काळे पडतात, म्हणून कानातल्यांत ते त्वचेला न लागणाऱ्या जागी वापरा. कानात जाणारा हूक किंवा खुंटी मात्र स्टेनलेस स्टीलची नाहीतर चांदीचीच असू द्या. स्वस्त हुकांत निकेल असतं, त्याने पुष्कळ बायकांचे कान पिकतात, आणि कान पिकलेली बाई पुन्हा येत नाही, तक्रारही करत नाही.

दोऱ्यावर काटकसर करू नका. सुती दोरा घामाने लवकर कुजतो. विणकामाला चांगला नायलॉनचा दोरा मधमाशीच्या मेणावरून ओढून वापरा. काचेच्या क्रिस्टलच्या कडा दोरा कापतात, तिथे दोरा दुहेरी फिरवा आणि क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक मणी घाला. तोरणाचा तंगूस उन्हात ठिसूळ होतो, प्लॅस्टिक मोत्यांची झिलईही पिवळी पडते. ‘दारावर थेट ऊन येत असेल तर सण झाल्यावर काढून ठेवा’ अशी चिठ्ठी प्रत्येक तोरणासोबत द्या. तिच्यासोबत त्याच मण्यांतले पाच-सहा मणी पुडीत बांधून द्या. दुरुस्तीला लागतात, आणि घेणाऱ्या बाईला फार आवडतं.

तुमच्या ५,००० रुपयांतले साधारण १,२०० अवजारांना आणि दिव्याला जातील: सपाट चिमटा, गोल चिमटा, कटर, सुया, छोटा काटा, पांढऱ्या उजेडाचा मानेने वाकणारा टेबलदिवा. २,००० चा माल घ्या, सहा रंगांच्या वर जाऊ नका. ५०० पुठ्ठ्याच्या कार्डांना, पिशव्यांना, खोक्यांना. उरलेले १,३०० रुपये अजिबात खर्च करू नका. पहिले पाच नमुने विकले गेल्यावर जो रंग सगळे मागतात, तो आणायला ते लागतात. पुडा आणताना त्यावरचा रंगाचा क्रमांक वहीत उतरवा. दोन वेगळ्या खेपांतला लाल शेजारी ठेवला की फरक उठून दिसतो, म्हणून एका ऑर्डरीचा सगळा माल एकदमच घ्यायचा.

किंमत हा भाग सर्वांत जास्त नीट वाचा, कारण इथेच बहुतेक जणींचं काम हौसेकडे परत जातं. ताशी दर आधी ठरवा. तो मनाने ठरवू नका, तुमच्या पगारावरून काढा. समजा महिना २२,००० पगार आहे आणि कामाचे तास २००. म्हणजे ताशी ११०. सुरुवातीला १०० धरू. आता कानातल्यांचा एक जोड घ्या. मणी ३० रुपयांचे, हूक १२, दोरा ५, कार्ड आणि पिशवी १५, मिळून ६२. हात बसल्यावर वेळ सव्वा तास, म्हणजे १२५. झाले १८७. यावर २० टक्के चढवले की २२४. दिवा, फोन, बिघडलेले नग, बसभाडं यांसाठी. बहुतेक जणी इथे थांबतात आणि २२५ किंवा २३० ला विकतात.

इथे थांबू नका. वर्षाभरात एखादं दुकान किंवा एखादी ओळखीची साडीवाली तुमचा माल ठेवायला तयार होईल आणि ३५ टक्के मागेल. २३० तून ३५ टक्के गेले की तुमच्या हातात १५० उरतात, म्हणजे तुमच्या १८७ हूनही कमी. दुकानासाठी वेगळी, चढी किंमत ठेवता येत नाही. गिऱ्हाइकाला तोच जोड तुमच्याकडे स्वस्त मिळतो हे कळलं की दुकानदार दुखावतो. म्हणून पहिल्या दिवसापासून २९० ठेवा. थेट विकलंत तर ते जास्तीचे पैसे तुमच्या फोटोंचे, बोलण्याचे आणि कुरिअरच्या फेऱ्यांचे आहेत, ते फुकटचे नाहीत. दुकानात माल जांगडवर, म्हणजे विकला गेला तरच पैसे या बोलीवर, ठेवायचा झाला तर नगांची यादी दोन प्रतींत करा, दुकानदाराची सही घ्या, दर महिन्याच्या ठराविक तारखेला हिशेब आणि तीन महिन्यांत न विकलेला माल परत, एवढं लिहूनच द्या. सुरुवातीला दहा नगांच्या वर ठेवू नका.

आता हाच हिशेब तीन फुटी दाराच्या तोरणाला लावून बघा. माल ३५०, वेळ आठ तास म्हणजे ८००, वर २० टक्के: १,३८०. बाजारात काहीशे रुपयांत तोरण टांगलेलं असतं. तुमचं त्याहून कितीतरी चांगलं असेल, पण रस्त्याने जाणारी बाई ते का घेईल? बाजाराच्या तोरणाशी किमतीत झुंजायला जाऊ नका. मोठं तोरण फक्त ऑर्डरीचं, घराच्या रंगाला जुळवून, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. देवघराचं छोटं तोरण दोन तासांत होतं, चारशेच्या आत बसतं, भेट म्हणूनही जातं. आणि गौरीच्या आधी एकाच घरातून दोन-दोन मागितली जातात.

घासाघीस होईल. ‘एवढे कशाचे, मणीच तर आहेत’ हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकाल. वाद घालू नका आणि दरही पाडू नका. कमी पैशांतली वस्तू समोर ठेवा: हा जोड २९० चा, ही पिन ५५ ची. नात्यातल्यांचा प्रश्न जास्त नाजूक आहे. आजवर फुकट वाटलेलं असल्यामुळे नणंद, जाऊ, ऑफिसातल्या मैत्रिणी यांच्याकडून पैसे घ्यायला जीभ रेटत नाही. मी एकच पद्धत सुचवते आणि ती चालते: लग्न-मुंजीला, डोहाळजेवणाला आपण स्वतःहून भेट द्यायची, मनापासून द्यायची, पण कोणी मागितलं की ते विकत. तुमच्या हाताचं कौतुक असलेल्या माणसाला पैसे देण्यात कमीपणा वाटत नाही. सासूबाई मणी निवडून देत असतील, फुलं ओवून देत असतील तर त्यांचेही पैसे वहीत धरा आणि महिन्याला त्यांच्या हातात द्या. घरात या कामाला वजन येतं ते असं.

विक्रीचं वर्ष आपल्या सणांवर चालतं. आषाढ थंड, तेव्हा साठा करायचा. श्रावणात मंगळागौर आणि राखी. मग गौरी-गणपती, आणि गौरीच्या दागिन्यांना हल्ली फार मागणी आहे: मुखवट्याच्या मापाची ठुशी, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा. पितृपक्षात कोणी खरेदी करत नाही, तेव्हा दिवाळीची तोरणं आणि मोत्यांच्या रांगोळ्या करून ठेवाव्यात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि रुखवत. पौषात संक्रांत, काळ्या साडीवर घालायला काळ्या-पांढऱ्या मण्यांचे दागिने आणि रथसप्तमीपर्यंत वाणाच्या वस्तू. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत कोणी ओळखीचं असेल तर मण्यांचा माल हलका असल्याने पाठवायला सोपा पडतो, पण त्यांच्या गणपतीची ऑर्डर जूनमध्येच घ्यावी लागते. हे सगळं बघून हुरळून जाऊ नका. तुमचे तास पाच आहेत, त्यांत वर्षातले तीन हंगाम नीट जमतील. पहिल्या वर्षी मी गौरी, दिवाळी आणि संक्रांत धरली असती.

विकायची पहिली जागा म्हणजे ऑफिस आणि सोसायटी. दिवाळीआधी सोसायटीत जे टेबल मांडून देतात ते घ्या. मोठी प्रदर्शनं, पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईतलं महालक्ष्मी सरस, बघायला जरूर जा, लोक कशापाशी थांबतात ते बघा. भाग घ्यायचा विचार दोन वर्षांनी. कुठल्याही स्टॉलचं भाडं भरताना स्वतःला विचारा की भाड्याच्या पाचपट विक्री होईल का, आणि तेवढा माल करायला माझ्याकडे तास आहेत का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नाही असं येतं.

फोटो सकाळी नऊ-दहाला खिडकीपाशी, थेट ऊन नसताना काढा. खाली साधा पांढरा किंवा मातकट कागद, समोरून पांढरा पुठ्ठा धरून उजेड परतवायचा. एक फोटो रुपयाच्या नाण्याशेजारी, एक कानात घातलेला. मापाबद्दलच्या निम्म्या चौकश्या त्याने संपतात. मेसेजना उत्तर द्यायची वेळ ठरवून घ्या, म्हणजे दुपारचा डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं आणि रात्री काम सुरू करण्याआधी दहा. सुई हातात असताना फोन दुसऱ्या खोलीत.

नोंदणीचं भय नको. जीएसटी राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्यावर लागतो, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. ऑनलाइन बाजारपेठांच्या संकेतस्थळांवर विकायला पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात विकण्यापुरती त्यातून सूट आहे, फक्त पॅनवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात अशा संकेतस्थळांवरून विकायची वेळ आली की कर सल्लागाराला एकदा भेटा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधारवरून होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणारे मधले लोक टाळा. हस्तकला कारागिरांचं पहचान कार्डही काढून ठेवावं. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण तुम्हाला आज पैशांची नव्हे, तासांची चणचण आहे. कर्जाने तास वाढत नाहीत, म्हणून आत्ता घेऊ नका. पगारासोबत हे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचं. त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि रोजमेळ लिहा: तारीख, काय आलं, काय गेलं, किती तास. तासांचा रकाना विसरू नका. नोकरीच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काही अट आहे का तेही वाचा. सरकारी नोकरीत असतात त्यांना तर वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगीशिवाय खाजगी व्यापार करता येत नाही.

डोळे आणि मान यांच्याबद्दल कोणी सांगत नाही. बारीक मण्यांचं काम मांडीवर ठेवून केलं की मान दोन महिन्यांत बोलायला लागते. टेबलावर जाड पुस्तकं रचून मण्यांचं ताट छातीच्या उंचीवर आणा. ताटात जाड, लव असलेलं कापड घाला, मणी घरंगळत नाहीत. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा. चाळिशी लागलेली असेल तर चष्म्याच्या डॉक्टरांना कामाचं अंतर हातभर आहे हे सांगून नंबर काढा. घरात किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांत रांगतं मूल असेल तर मणी घट्ट झाकणाच्या डब्यात आणि वरच्या कप्प्यात, कारण मणी नाका-घशात जातो. सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या. हरवली तर फरशीवरून लोहचुंबक फिरवायचं, मगच झोपायचं.

राहिली शेजारच्या बाईंची ऑर्डर. त्यांना केसांची पिन सुचवा, एकाच नमुन्याची, एकाच रंगाची. माल १४ रुपये, पंधरा मिनिटांचे २५, पुडी ५. ४४ वर २० टक्के चढवून ५३, म्हणजे ५५ ला एक. ६० नगांचे ३,३००. ‘६० घेतेय, कमी करा’ असं त्या म्हणतील. यंत्रावर जास्त नग काढले की एकेकाचा खर्च उतरतो, हातकामात साठावी पिनही पंधराच मिनिटं घेते. वाचतो तो फक्त मेसेजांचा आणि बांधाबांधीचा वेळ. तेवढ्यापोटी ३,३०० चे ३,१५० करा, त्याखाली नको. एक नमुना करून दाखवा, पसंत पडला की निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि त्याच दिवशी ६५ नगांचा माल एकदम आणा. ६० नगांना पंधरा तास लागतात, म्हणजे तुमचे तीन आठवडे. त्यात आजारपणाचा, पाहुण्यांचा एक आठवडा धरा. चार आठवडे हातात असतील तर सगळे ६० घ्या. तीनच असतील तर ४० घ्या आणि उरलेल्या २० साठी त्यांना दुसरी वस्तू बाजारातून घ्यायला सांगा. बायका हे मान्य करतात. मात्र त्यांचं हळदीकुंकू संक्रांतीलाच आहे की रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या रविवारी, हे आधी विचारा. पुष्कळ घरांत ते सोयीच्या रविवारीच असतं, आणि मग तुम्हाला आणखी आठवडा-दोन आठवडे मिळतात. त्या दिवसाच्या चार दिवस आधीची तारीख त्यांना द्या.